विहिरीतलं नायट्रेट विजेने काढायचं, तर आधी हे मोजा

पाणी चांगलं की वाईट, हे मराठवाड्यातल्या खेड्यांत दोन गोष्टींवरून ठरतं: जिभेला मचूळ लागतं का, आणि तुरीची डाळ शिजते का. मचूळपणातून क्षार कळतात, डाळीवरून पाण्याचा जडपणा कळतो. खतातून आणि मलमूत्रातून पाण्यात उतरणारं नायट्रेट मात्र दोन्हीतून निसटतं. त्याला चव नाही, वास नाही, रंग नाही आणि डाळीशी त्याचं काही वाकडं नाही. म्हणून गावठाणातला जुना, गोड पाण्याचा म्हणून वाखाणलेला आड तपासणीत सगळ्यात वाईट निघू शकतो. त्याच्या चहूबाजूंनी शोषखड्डे, गोठे आणि उकिरडे असतात, आणि पाणी गोड लागतं म्हणून कुणी शंका घेत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. टीडीएसला, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांना, ५०० ची मर्यादा असली, तरी दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत सवलत मिळते. नायट्रेटला अशी सवलत नाही. कारण लहान बाळं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद घालवतं आणि बाळ निळं पडतं. पावडरचं दूध अशा पाण्यात कालवणं ही सर्वांत मोठी जोखीम. आईचं दूध चालू असेल तर ती बहुतांशी टळते.

आता विजेवर चालणाऱ्या, 'केमिकल न वापरता नायट्रेट गायब' करणाऱ्या यंत्रांबद्दल. तंत्र खरं आहे, शास्त्रही पक्कं आहे. पण वीज नायट्रेटला गायब करत नाही. एक तर त्याचं दुसऱ्या कशात तरी रूपांतर करते, नाही तर त्याला बाजूला ढकलते. कशात आणि कुठे, हे ज्याला मोजता येतं त्यानेच या वाटेला जावं. पुढचं सगळं ग्रामपंचायतीची पाणी समिती, विज्ञानाचे शिक्षक आणि अभियांत्रिकीची पोरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे.

आधी तपासणी, आणि एककाची फसगत

नमुना घेण्याआधी हापसा किंवा मोटार दहा मिनिटं चालू द्या, म्हणजे पाइपातलं शिळं पाणी निघून जाईल. एक लिटरची स्वच्छ प्लास्टिक बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरा. बर्फाच्या डब्यात ठेवून दोन दिवसांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठी आहेत, आणि गावचा जलसुरक्षक नमुने पाठवतच असतो, त्याला गाठा. एकच नमुना पुरत नाही. मे महिन्यात एक घ्या, पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात एक. नायट्रेटवर ऋण भार असतो आणि काळ्या मातीच्या कणांवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर कापसाला, उसाला घातलेला उरलासुरला युरिया नायट्रेट होऊन खाली सरकतो, आणि खालचा बेसाल्ट भेगाळलेला असेल तर थेट विहिरीत उतरतो.

फसगत होते ती आकड्यात. काही अहवाल आणि पाणी तपासायच्या काही आयात पट्ट्या नायट्रेट 'नायट्रोजन म्हणून' दाखवतात. तो आकडा ४.४३ ने गुणला की आपल्या मानकातला आकडा येतो. पट्टीवर १० दिसलं म्हणून सुटकेचा निःश्वास टाकू नका. ते ४४ आहे, अगदी काठावर.

नायट्रेटबरोबर क्लोराइड, एकूण जडपणा, टीडीएस आणि पीएच हेही मागून घ्या. पुढे प्रत्येकाचं काम पडणार आहे.

यंत्राआधी तीन स्वस्त गोष्टी

विहिरीभोवती चक्कर मारा. उकिरडा, शोषखड्डा, गोठ्याचं मूत जिथे मुरतं ती जागा, सगळं वहीत उतरवा. उकिरडा हलवणं आणि विहिरीचा कठडा व भोवतीचा ओटा सिमेंटने बांधून घेणं कुठल्याही इलेक्ट्रोडपेक्षा, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या विजेच्या पट्टीपेक्षा, स्वस्त आहे. फरक दिसायला मात्र एक-दोन पावसाळे जातात.

दुसरा उपाय मिसळण्याचा. विहिरीचं पाणी ८० असेल आणि नळयोजनेचं धरणाचं पाणी १०, तर निम्मं-निम्मं मिसळून बरोबर ४५ येतं. थोडं जास्त नळाचं घ्या म्हणजे हाताशी फरक राहील. टाकीला दोन व्हॉल्व्ह आणि एक मीटर, एवढंच लागतं. ज्या गावात असं दुसरं पाणी आहे, तिथे विजेच्या यंत्राचा विचारही करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे काय करू नये ते. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, वाढतं: ४० मिलिग्रॅमचं दहा लिटर पाणी उकळून आठ लिटर उरलं की ते ५० चं होतं. तुरटी, ब्लीचिंग पावडर, यूव्ही दिवा आणि कोळशाचा फिल्टर यांचा नायट्रेटवर काही परिणाम नाही. आरओने ते जातं, पण तिथे वाया जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न उरतो. जारवाल्यांचं ते पाणी गटारात, किंवा त्याहून वाईट म्हणजे पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडलेलं असतं. एका बाजूने काढायचं आणि दुसऱ्या बाजूने त्याच भूजलात घट्ट करून ओतायचं.

विजेचे तीन रस्ते

पहिला, इलेक्ट्रोकोअॅग्युलेशन. ॲल्युमिनियमच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या पाण्यात विरघळून गाळ तयार करतात आणि घाण त्याला चिकटून बसते. गढूळ पाण्यासाठी उत्तम, आणि प्रात्यक्षिकात फार उठून दिसतं, कारण गढूळ पाणी डोळ्यांदेखत नितळ होतं. नायट्रेटला मात्र हा गाळ नीट धरत नाही. जे कमी होतं त्यातलं बरंचसं अमोनिया बनून पाण्यातच राहतं. वर पट्ट्या संपतात आणि गाळाची विल्हेवाट गळ्यात पडते. नायट्रेटसाठी हा रस्ता सोडा.

दुसरा, क्षपण. ऋण पट्टीवर, म्हणजे कॅथोडवर, नायट्रेटला इलेक्ट्रॉन मिळतात. दोन इलेक्ट्रॉन घेऊन त्याचं नायट्राइट होतं, एकूण पाच घेतले तर निरुपद्रवी नायट्रोजन वायू, आठ घेतले तर अमोनिया. आपल्याला पाचावर थांबायचं असतं, पण साध्या धातूंवर गाडी बहुधा आठाच्या स्थानकावर जाऊन उभी राहते.

इथे मराठवाड्याचं मचूळ पाणी कामी येतं. पाण्यात क्लोराइड असेल तर धन पट्टीवर, म्हणजे ॲनोडवर, त्यापासून क्लोरीन तयार होतो. तो अमोनियाला गाठून त्याचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतो आणि स्वतः पुन्हा क्लोराइड होऊन परत कामाला लागतो. म्हणून एकाच भांड्यात, मधे पडदा न लावता दोन्ही पट्ट्या बुडवणं फायद्याचं. पण हेच पाणी जडही असतं. कॅथोडजवळ पाणी अल्कधर्मी होतं, तिथे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पांढऱ्या थराने चिकटतात, थर जाड होतो आणि प्रवाह मंदावतो. क्षारांनी दिलेला फायदा जडपणा असा वसूल करतो.

तिसरा रस्ता इलेक्ट्रोडायलिसिस. नायट्रेटचं काहीच बनवायचं नाही, फक्त विजेच्या ओढीने पडद्यांतून पलीकडे खेचून घ्यायचं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने असे पडदे देशात विकसित केले आहेत. गावाच्या पातळीवर मला हाच रस्ता जास्त पटतो. त्याकडे शेवटी येऊ.

पाच लिटरचा प्रयोग

हा प्रयोग समजून घेण्यासाठी आहे. त्यातलं पाणी कुणी प्यायचं नाही, जनावरांनाही पाजायचं नाही.

पाच लिटर पाणी मावेल असं पसरट तोंडाचं प्लास्टिकचं भांडं घ्या. ॲनोड म्हणून रुथेनियम-इरिडियम ऑक्साइडचा मुलामा असलेल्या टायटॅनियमच्या दोन जाळ्या, दहा बाय दहा सेंटिमीटरच्या. पोहण्याच्या तलावांच्या क्लोरीन यंत्रांत याच असतात, ऑनलाइन मिळतात. कॅथोड म्हणून त्याच मापाचा ३०४ स्टीलचा एक पत्रा. मोंढ्यातल्या भांड्यांच्या दुकानातलं स्टील ३०४ असेलच असं नाही, पत्रेवाल्याकडून खात्री करून घ्या. पत्रा मधोमध आणि जाळ्या दोन्ही बाजूंना, मधलं अंतर पाच मिलिमीटर, आणि ते राखायला प्लास्टिकचे तुकडे. ३० व्होल्ट, ५ अँपिअरचा डीसी सप्लाय, ज्यात प्रवाह स्थिर ठेवता येतो असा. गाडीच्या बॅटरीचा चार्जर यासाठी उपयोगाचा नाही. पाणी फिरतं ठेवायला माशांच्या टाकीतला छोटा पंप.

सगळ्यात महत्त्वाचा इशारा ॲनोडबद्दल. पैसे वाचवायला ॲनोडलाही स्टीलच लावलं, तर क्लोराइडच्या पाण्यात ते झिजतं आणि पाण्यात क्रोमियम व निकेल उतरतात, क्रोमियम त्याच्या विषारी रूपातसुद्धा. पाणी पिवळसर दिसायला लागलं तर प्रयोग तिथेच थांबवा. जोडणी उलटी झाली तरी हाच घोटाळा होतो. त्यामुळे 'दर अर्ध्या तासाने पोल उलटे करा म्हणजे क्षार झडतात' हा सर्वत्र मिळणारा सल्ला या मांडणीत चालत नाही. उलट केलं की स्टीलचा ॲनोड होतो. क्षार काढायला पत्रा बाहेर काढून लिंबूसत्वाच्या कोमट द्रावणात अर्धा तास ठेवा.

कॅथोडला तांबं लावलं तर नायट्रेट अधिक वेगाने तुटतं. पण वीज गेली की क्लोरीन आणि अमोनियाच्या पाण्यात तांबं विरघळतं, आणि आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. पहिल्या प्रयोगाला स्टीलच बरं. तेही वीज गेल्यावर पाण्यात ठेवू नका.

हिशेब असा. पाणी १०० वरून ४० वर आणायचं, म्हणजे पाच लिटरमधून ३०० मिलिग्रॅम नायट्रेट. आठ इलेक्ट्रॉनच्या हिशेबाने त्याला एक अँपिअर-ताशाहून किंचित जास्त वीज लागते. पण निम्म्याहून अधिक प्रवाह पाणी फोडून हायड्रोजन करण्यातच जातो. कार्यक्षमता पंचवीस टक्के धरली तर चार अँपिअर-तास, म्हणजे दोन अँपिअरवर दोन तास. पत्र्याच्या दोन्ही बाजू मिळून दोनशे चौरस सेंटिमीटर, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला दहा मिलिअँपिअर पडतात. प्रवाह वाढवून घाई करू नका. पाण्यात नायट्रेट इतकं विरळ असतं की पत्र्यापर्यंत ते पोचण्याचा वेग ठरलेला असतो, वाढवलेला प्रवाह नुसते बुडबुडे काढतो. घाई असेल तर पाणी जोरात फिरवा किंवा पत्रे वाढवा. पाण्याची वाहकता कमी असेल तर व्होल्टेज चढेल. मराठवाड्यातल्या खारट बोअरच्या पाण्यात ते आठ व्होल्टच्या आसपास राहील असं धरा.

मीठ घालावं का? अर्धा ग्रॅम मीठ दर लिटरला घातलं की क्लोराइड सुमारे ३०० ने आणि टीडीएस ५०० ने वाढतो. आपल्या पाण्यात हे आधीच भरपूर असतं. २५० ही क्लोराइडची मर्यादा ओलांडून नायट्रेटची मर्यादा पाळण्यात काय हशील?

भांड्यावर झाकण ठेवू नका. दोन तासांत दीडेक लिटर हायड्रोजन निघू शकतो, बंद डब्यात एका ठिणगीने भडका उडेल एवढा. थोडा क्लोरीनचाही वास येईल. ओसरीत किंवा अंगणात, सावलीत करा, आणि सप्लाय ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या बोर्डावरच लावा. पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद.

दर अर्ध्या तासाला काय मोजायचं

नायट्रेट एकट्याने मोजून भागत नाही. नायट्राइट, अमोनिया, मोकळा क्लोरीन आणि पीएच हेही हवेत. नायट्राइट-अमोनियाच्या पट्ट्या मत्स्यपालनाच्या दुकानात मिळतात, क्लोरीनला ग्रामपंचायतीची ओटी टेस्ट चालते. मोकळा क्लोरीन पट्ट्यांना फसवतो, म्हणून तपासणीच्या थोड्या पाण्यात हायपोचा (सोडियम थायोसल्फेटचा) एखादा खडा टाकून मगच पट्टी बुडवा.

आता नायट्रोजनचा ताळेबंद मांडा. नायट्रेट भागिले ४.४३, नायट्राइट भागिले ३.२८, अमोनियम भागिले १.२९, म्हणजे तिन्ही एकाच मापात येतात. समजा सुरुवात १०० नायट्रेट, म्हणजे २२.६ नायट्रोजन. दोन तासांनी नायट्रेट ४० (९.०), नायट्राइट ६.६ (२.०), अमोनियम ९ (७.०). बेरीज १८.०. म्हणजे खऱ्या अर्थाने वायू होऊन फक्त ४.६ गेलं. विक्रेत्याच्या पत्रकात हाच प्रयोग 'साठ टक्के नायट्रेट नष्ट' असा छापला जाईल, आणि ते खोटंही नसेल. पण अमोनियाची मर्यादा ०.५ आहे, इथे ७ आहे. नायट्राइटची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ३ आहे, इथे दुप्पट. सुरुवातीचं पाणी बाळाला जितकं वाईट होतं त्याहून हे वाईट आहे, कारण नायट्राइट पोटात तयार व्हायचीही वाट बघत नाही.

उपाय दोन. प्रवाह चालू ठेवा आणि ॲनोडवरच्या क्लोरीनला अमोनिया संपवू द्या. पाण्यात क्लोराइड दोनशेच्या वर असेल तर पुष्कळदा हे जमतं. नाही जमलं तर वीज बंद करून बाहेरून क्लोरीन द्या. अमोनियातल्या एक भाग नायट्रोजनला ७.६ भाग क्लोरीन लागतो, नायट्राइटच्या नायट्रोजनला साधारण ५. वरच्या उदाहरणात लिटरमागे ६३ मिलिग्रॅम, म्हणजे पाच लिटरला ताजी ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर एक ग्रॅम. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात वर्षभर उघडी पडलेली पावडर असेल तर त्यात क्लोरीन किती उरला असेल ते विचारूच नका. अर्ध्या तासाने ओटी टेस्टला गडद पिवळा रंग आला आणि अमोनियाची पट्टी कोरी राहिली, की अमोनिया संपला. उरलेला क्लोरीन कोळशाच्या फिल्टरने काढा. एवढ्या क्लोरीनने क्लोरेट हे अपायकारक संयुगही तयार होतं, आणि ते घरगुती पट्टीवर दिसत नाही. प्रयोगाचं पाणी पिऊ नका म्हटलं ते यासाठीच.

गावासाठी विचार करताना

वरच्या प्रयोगात पाच लिटरला सुमारे ३२ वॅट-तास गेले, म्हणजे हजार लिटरला साडेसहा युनिट. दीड हजार वस्तीच्या गावात फक्त पिण्या-स्वयंपाकाचं माणशी पाच लिटर धरलं तर साडेसात हजार लिटर, रोज पन्नासेक युनिट. जलजीवनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने सगळंच शुद्ध करायचं ठरवलं तर रोज पाचशेच्या वर. धुण्याभांड्याच्या पाण्यातलं नायट्रेट काढण्यात काही अर्थ नाही, तेव्हा वेगळा नळ काढून फक्त पिण्याचं पाणी शुद्ध करा.

त्या साडेसात हजार लिटरसाठी इलेक्ट्रोडायलिसिस पाहावं. हजार-दीड हजार टीडीएसच्या पाण्याला हजार लिटरमागे साधारण एक ते दोन युनिट पुरतात, क्षारही कमी होतात, वाया जाणारं पाणी छोट्या आरओपेक्षा बरंच कमी राहतं, आणि अमोनियाची भानगड नाही. यात पोल उलटे करून पडद्यांवरचा थर झाडता येतो, कारण दोन्ही टोकांचे इलेक्ट्रोड त्यासाठीच निवडलेले असतात.

गुत्तेदाराला निविदेआधी विचारा: ॲनोड कशाचा? पडदे किंवा पट्ट्या किती तास टिकतात आणि बदलायचा खर्च कुणाचा? नायट्राइट, अमोनिया आणि क्लोरेटचा अहवाल त्रयस्थ प्रयोगशाळेतून देणार का? वाया जाणारं पाणी कुठे सोडणार? पहिल्या प्रश्नाला 'स्टीलचा' असं उत्तर आलं तर चहा पाजून वाटेला लावा. बिल शेवटच्या तपासणीनंतर, तेही उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून.

नको असलेलं पाणी आणि प्रदूषित विहीर

इलेक्ट्रोडायलिसिसमधून बाजूला आलेल्या पाण्यात नायट्रेट ४०० असेल तर हजार लिटरमध्ये ९० ग्रॅम नायट्रोजन आहे, सुमारे २०० ग्रॅम युरियाइतकं. ते बांधावरच्या हत्ती गवताला चालेल, पण क्षार जास्त असतील तर काळ्या जमिनीत एकाच जागी वर्षानुवर्षं सोडू नका. जमीन चोपण होते. जागा बदलत राहा, आणि विहिरीपासून लांब.

खुद्द प्रदूषित विहीरही बंद करू नका, शेताला लावा. ८० मिलिग्रॅमच्या पाण्यात हजार लिटरमागे १८ ग्रॅम नायट्रोजन असतं. एका एकराला पाच सेंटिमीटरची एक पाणी-पाळी म्हणजे दोन लाख लिटर, त्यातून साडेतीन किलोहून जास्त नायट्रोजन, म्हणजे आठेक किलो युरिया. गव्हाच्या किंवा उसाच्या सहा पाळ्यांत ४५ किलोची अख्खी गोणी पाण्यातूनच पडते. तेवढा युरिया खरोखर कमी घाला. नाही तर पाण्यातला आणि गोणीतला दोन्ही मिळून पुढच्या पावसात पुन्हा त्याच विहिरीत उतरतील. ऑक्टोबरचा नमुना त्याच विहिरीचा घ्या आणि मेच्या आकड्याशेजारी वहीत लिहा.